गुरुवारचा थर

तेजलच्या मेंदूतली गुठळी मी वाचली, असं आमच्या घरात सगळे कौतुकानं सांगायचे. पहिले दीड महिने तरी. हर्षल, माझा धाकटा भाऊ, येईल त्याला म्हणायचा, "ताई त्या दिवशी ड्यूटीवर नसती, तर आज तेजल नसती." तेजल त्याची बायको. हे ऐकताना मी मान खाली घालायचे आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच घडलं. मी जळगावच्या एका मेंदूविकार केंद्रात थरवाचक आहे. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षांची पदविका केली आणि २०३८ पासून तिथंच आहे. पण आमच्या गावाकडे, सावद्याला, 'केतकी मेंदूच्या दवाखान्यात आहे' एवढंच सगळ्यांना ठाऊक. कुणाला चक्कर आली, कुणाची मान आखडली की फोन मला. सुरुवातीला मी म्हणायचे, "अहो, मी डॉक्टर नाही हं." नंतर म्हणायचं सोडून दिलं. खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

थरवाचक काय करतो, तेही सांगायला हवं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण गेलेलं रक्त परतही यावं लागतं. ते परत आणणाऱ्या शिरा मेंदूवर जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात आणि कपाळापासून डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत, कवटीच्या आत अगदी मधोमध जाणाऱ्या एका मोठ्या शिरेत त्या रिकाम्या होतात. तिथं रक्त गोठलं की मोरी तुंबल्यासारखं होतं. वरून पाणी येतच राहतं आणि खाली जायला वाट नसते. डोक्यात दाब चढतो, डोकं दुखतं, उलट्या होतात, नजर धूसर होते, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर फिट येते, मेंदूत रक्तस्राव होतो. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हा धोका जास्त असतो. बाळंतिणीचं रक्त मुळातच लवकर गोठणारं असतं. तसं नसतं तर प्रसूतीतला रक्तस्राव आटोक्यात आला नसता. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की धोका आणखी वाढतो.

लवकर कळलं तर उपाय साधा आहे. रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं आणि मग काही महिने गोळ्या. बहुतेक बाया तेवढ्यावर बऱ्या होतात. ज्या होत नाहीत त्या आमच्या खोलीत येतात. तिथं मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी आत सारतात, ती हृदयाच्या उजव्या बाजूनं वर मानेत आणि मानेतून कवटीच्या आत जाते. गुठळी एका दमात तयार होत नाही, थरावर थर बसत जातो. ताजा थर मऊ असतो, औषधानं विरघळतो. जुना थर चिवट होतो, तो कापून ओढून घ्यावा लागतो. कुठल्या थराला काय करायचं हे चुकलं, तर तुकडा सुटून फुप्फुसात जातो, नाहीतर शीरच फाटते. म्हणून नळीच्या टोकाशी प्रकाश सोडणारा तंतू बसवलेला असतो. गोठलेल्या रक्तातलं लोह तासागणिक बदलतं आणि त्याबरोबर परत येणाऱ्या प्रकाशाचा रंगही बदलतो. त्यावरून संगणक थरांच्या सीमा आखून देतो. पण प्रत्येक सीमेवर माणसानं मंजुरी द्यावी लागते. ती मी देते.

थरांचं वय हवं असतं ते उपचारासाठी. पण वय कळलं की तारीखही कळते. पूर्वी असा आजार नेमका कधी सुरू झाला हे कुणालाच ठाऊक नसायचं, म्हणून कुणी कुणाला विचारतही नसे. आता अहवालात पहिल्या थराची वेळ येऊ लागली, तीन तास इकडेतिकडे. त्या दिवशी घरात काय घडलं होतं, ते घरच्यांना आठवायचंच. एका मुलीचा पहिला थर निघाला तो शिकवणीवाल्यांनी पोरांना दिवसभर पत्र्याच्या मंडपात बसवलं त्या दिवसाचा. अमळनेरकडचे दोन सख्खे भाऊ अहवाल हातात पडल्यावर आमच्या पायऱ्यांवरच हातघाईवर आले. तेव्हापासून केंद्रानं ठरवलं की, नातेवाइकांना एक पानाचा सारांश द्यायचा. काय उपचार केले आणि पहिला थर कधीचा, एवढंच त्यात. कुठल्या तासाला गुठळी किती जाड होती, हा पूर्ण तक्ता डॉक्टरांच्या नोंदीत राहायचा. मागितला तर द्यायचा. पण असा तक्ता असतो हेच कुणाला माहीत नसायचं.

तो मे महिन्यातला सोमवार होता. दुपारी साडेबारा वाजता मी डबा उघडत होते, तेवढ्यात खालून फोन आला. बाळंतीण, सतरावा दिवस, सकाळी फिट आली, उजवा हात उचलत नाही. मी नाव लिहून घ्यायला पेन उचललं. "तेजल हर्षल नारखेडे," पलीकडची मुलगी म्हणाली.

मी जिन्यानं धावत खाली गेले. हर्षलच्या शर्टावर तेजलची उलटी होती. तो मला बघून लहान मुलासारखा रडायला लागला.

"ताई, ती बोलत नाहीये गं. माझ्याकडे बघते, पण बोलत नाही."

स्कॅनमध्ये मधली शीर जवळजवळ पूर्ण बंद दिसत होती आणि डाव्या बाजूला थोडा रक्तस्राव. इंजेक्शन सुरू करूनही तासाभरात तिची शुद्ध हरपत चालली. आमच्या डॉक्टर शाहीन तडवी मॅडम यावलच्या, शांत बाई. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"केतकी, नातेवाइकाचा थर वाचायचा नाही, हा नियम तुला माहीत आहे."

"हो मॅडम."

"तुझ्याशिवाय वाचणारा फक्त नकुल, आणि तो बहिणीच्या लग्नाला नाशिकला गेलाय. तो यायला चार तास लागतील, आणि तिच्याकडे तेवढे नाहीत. जबाबदारी मी घेते. तू वाचू शकशील का? स्पष्ट सांग."

"वाचते," मी म्हणाले.

अडीच वाजता नळी गुठळीपाशी पोचली. मी काचेमागे पडद्यासमोर बसले होते. एकदा का पडद्यावर रंगाच्या पट्ट्या आल्या, की माणूस दिसत नाही, पट्ट्याच दिसतात. ताजे थर मी एकामागून एक मंजूर करत गेले. तडवी मॅडम औषध सोडत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सोडत होत्या. मग जुने थर आले. सगळ्यात तळाचा, भिंतीला चिकटलेला, एकशे बावीस तासांचा. मनातल्या मनात मी मागं मोजलं. बुधवार, दुपारचे साडेबारा.

बुधवारी बारसं होतं.

त्याच्या वरचा थर शंभर तासांचा होता. तो वाचला तेव्हा मात्र माझं बोट बटणावर तसंच राहिलं.

"केतकी?" मॅडमचा आवाज आला. "सीमा बरोबर आहे?"

"बरोबर आहे, मॅडम."

शंभर तास म्हणजे गुरुवार, सकाळी साडेदहा. गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तेजलनं मला फोन केला होता.

मी एक केस संपवून दुसरीच्या तयारीत होते. ती म्हणाली होती, "ताई, डोकं फार दुखतंय हो कालपासून. आडवं झालं की जास्तच. उठून बसलं की जरा बरं वाटतं." मी एका हातानं हातमोजा चढवत होते. "अगं, सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं होतं ना, त्यानं दुखतं. पॅरासिटामॉल घे आणि झोप काढ," असं मी म्हणाले. ती म्हणाली, "दवाखान्यात दाखवू का?" आणि मी म्हणाले, "बाळाला घेऊन उन्हातून कुठं हिंडतेस? दोन दिवसांत जाईल."

पाठीतल्या इंजेक्शनानं दुखणारं डोकं पहिल्या चार-पाच दिवसांत दुखतं, आणि ते उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की थांबतं. तेजलचं उलटं होतं, शिवाय तेराव्या दिवशी होतं. हा फरक आमच्या विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. तो फलक मीच तयार केला होता. तिनं मला अगदी पुस्तकात असतं तसं लक्षण सांगितलं, आणि मी ऐकलं नाही.

पडद्यावर त्या थराखाली जाडी लिहून आली होती. दोन मिलिमीटर. गुरुवारी सकाळी गुठळी दोन मिलिमीटरची होती. शुक्रवारी दुपारपासून ती भराभर वाढली होती.

सव्वाचारला शीर मोकळी झाली. काळ्या पडद्यावर रक्ताची वाट उजळत गेली तेव्हा मॅडमनी मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "छान वाचलंस." हर्षल बाहेर माझ्या गळ्यात पडला.

संध्याकाळी अहवाल काढायची वेळ आली. संगणक विचारतो, सारांश की पूर्ण. मी सारांश निवडला. रोज तेच निवडते. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

हर्षलनं ते पान वाचलं आणि मला विचारलं, "पहिला थर बुधवारी दुपारी म्हणजे बारशाच्या वेळी?"

"हो. तीन तास मागेपुढे."

त्यानं ते पान घडी करून खिशात ठेवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तेजलची आई ती कॉलेजात असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी झालं होतं. माझ्या आईनं ते हौसेनं केलं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, अंगाला तेल. आणि तिच्या आईनं तिला शिकवलं होतं तसं मोजून पाणी. ओवा टाकून उकळलेलं, दिवसाला चार-पाच पेले. जास्त प्यायलं की पोट सुटतं, टाके पिकतात, असं तिचं म्हणणं. बारशाच्या दिवशी शेहेचाळीस अंशांच्या उन्हात, वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद करून, शंभर बायकांच्या गर्दीत तेजल तीन तास शालू नेसून बसली होती. मध्ये तिनं पाणी मागितलं, तेव्हा आई म्हणाली होती, "थांब, कार्यक्रम उरकू दे." हर्षलनं ते ऐकलं होतं.

तेजल शुद्धीवर आली, घरी गेली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यानं आईसमोर ते पान ठेवलं.

"वाच. वेळ वाच."

आईनं चष्मा लावून वाचलं. तिला शास्त्र कळलं नाही, तारीख कळली.

"मी तोडलं तिचं पाणी," ती म्हणाली. एवढंच. वाद घातला नाही, रडली नाही.

"बाळाला यापुढे तू हात लावायचा नाहीस," हर्षल म्हणाला. मी तिथंच होते. तेजल खुर्चीत बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. तिला सगळं कळायचं, फक्त शब्द येत नव्हते. तिनं डावा हात जोरजोरात हलवला. हर्षलला वाटलं, भांडण नको म्हणतेय. त्या क्षणी मी बोलले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. मी म्हणाले, "हर्षल, आईला थोडे दिवस माझ्याकडे नेते."

आई माझ्याकडे आली. मी एकटी राहते, दोन खोल्या. ती पहाटे उठून झाडलोट करायची, माझा डबा भरायची. दुपारभर बाळाची झबली शिवत बसायची. मी आले की समोर बसून रडायची, विचारायची, "तेजल आज काही बोलली का?" एकदा म्हणाली, "मी तिला आजारी पाडलं आणि माझ्याच लेकीनं तिला वाचवलं. देवानं तेवढी लाज राखली बघ." मी बेसिनशी जाऊन उगाच भांडी घासत उभी राहिले.

आईची चूक होतीच. तिनं पाणी द्यायला हवं होतं. मी स्वतःला हेच समजावायचे, आणि त्यात तथ्य होतं म्हणूनच ते इतके दिवस टिकलं. पण आईला काही माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं.

वाचेचा सराव घ्यायला मी आठवड्यातून तीनदा सावद्याला जायचे. वाचातज्ज्ञांनी चित्रांची कार्डं दिली होती. चित्र दाखवायचं, तेजलनं नाव आठवायचं. पहिल्या महिन्यात 'पाणी', 'बाळ', 'हो', 'नाही' आले. हर्षल खूश असायचा. मी मात्र प्रत्येक नव्या शब्दानंतर घाईनं पुढचं कार्ड काढायचे. त्या फोनवर काय बोलणं झालं ते जगात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीला बोलता येत नव्हतं. एका दुपारी ती दहा कार्डांपैकी एकही ओळखू शकली नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की, मला हलकं वाटत होतं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

जूनच्या शेवटी एकदा तिनं कार्डं बाजूला सारली. माझं मनगट धरलं. ओठ जुळवले, कपाळावरची शीर फुगली.

"गु..." ती म्हणाली. "गु... गु..."

हर्षल दारात उभा होता. "बोल, बोल!" तो म्हणाला.

माझ्यासमोर कार्डांचा गठ्ठा होता. मी त्यातून एक काढलं आणि तिच्यापुढं धरलं. "गूळ! बरोबर. शाब्बास, तेजल."

हर्षलनं टाळ्या वाजवल्या. तेजलनं माझं मनगट सोडलं. तिनं कार्डाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिली. मग मान वळवून डोळे मिटून घेतले. त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही.

फोनवर मी तिचं ऐकलं नव्हतं, ती घाई होती, माज होता, काहीही म्हणा. पण हे मी नीट ऐकून, कळून केलं होतं.

घरी आले तर आईनं एक पिशवी भरून ठेवली होती. पाच झबली, दोन दुपटी. "शनिवारी जाशील तेव्हा दे. मी शिवलीत म्हणून सांगू नको. नाहीतर घालायचे नाहीत." मी ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन मी तेजलचा पूर्ण तक्ता छापला. तीन पानं निघाली.

शनिवारी मी आईलाही घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती. "मला तुमच्या तिघांसमोर एक सांगायचंय," एवढंच मी म्हणाले, आणि तिला माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी वाटलं असावं.

दुपारचे बारा वाजले होते. हर्षल आईला बघून उठला, पण मी त्याला बस म्हणाले. पानं टेबलावर पसरली. "हा बुधवार. हा गुरुवार, सकाळचे साडेदहा. इथं गुठळी दोन मिलिमीटर आहे. त्या वेळी दवाखान्यात आली असती तर इंजेक्शनावर भागलं असतं. फिट आली नसती, वाचा गेली नसती. गुरुवारी साडेदहाला तेजलनं मला फोन केला होता."

मी सगळं सांगितलं. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले. सारांश का दिला. गुळाचं कार्डही सांगितलं.

हर्षल पानांकडे बघत होता. "ती दवाखान्यात जाऊ का विचारत होती?"

"हो."

"आणि तू नको म्हणालीस."

"हो."

"शुक्रवारी मी तिला म्हणालो, चल दाखवून येऊ," तो सावकाश म्हणाला. "तर ती म्हणाली, ताईंना विचारलंय." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मला वाटलं होतं आई माझी बाजू घेईल. आया घेतात. पण तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला.

"फोनचं मी समजू शकते," ती म्हणाली. "घाईत होतीस. माझंही तेच झालं, कळलं नाही. पण त्यानंतर दीड महिना तू मला तुझ्या घरात ठेवून घेतलंस. मी रोज तुझ्यासमोर बसून रडत होते. तू जेवत होतीस, केतकी."



"पाणी मी तोडलं होतं, ते काही यानं पुसलं जात नाही," ती हर्षलकडे वळून म्हणाली. "माझं माझ्यापाशी राहू दे. पण तिचंही माझ्या पदरात घालू नका."

आतून बाळ रडायला लागलं. कुणीच उठेना. तेजलनं खुर्चीच्या दांडीवर डावा हात आपटला. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"आई," ती म्हणाली. मग बराच वेळ गेला. "घ्या."

आई आत गेली. तेजल माझ्याकडे वळली. ओठ जुळवले, आणि या वेळी मी एक अवाक्षर काढलं नाही. "गुरु... वार," ती म्हणाली. रागावून नाही, एखादं अवघड गणित सुटल्यावर म्हणावं तसं. मग तिनं टेबलावरची तिन्ही पानं डाव्या हातानं गोळा केली आणि छातीशी धरली.

"माझी," ती म्हणाली.

आई तिथंच राहिली. मी एकटी बसनं परत आले.

सोमवारी मी तडवी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला हे त्याच दिवशी, वाचायला बसण्याआधी कळायला हवं होतं." ऑगस्टमध्ये केंद्राला तेजलची लेखी तक्रार आली. हर्षलनं टंकलेली, पण सही तिची होती, डाव्या हातानं केलेली, लहान मुलाच्या अक्षरासारखी. तिची मागणी शिक्षेची नव्हती. पूर्ण तक्ता प्रत्येक रुग्णाला न मागता मिळावा, आणि आपल्या बाबतीत तो का मिळाला नाही याची नोंद व्हावी, असं तिनं मागितलं होतं.

चौकशी सप्टेंबरात झाली, सकाळी अकराला, केंद्राच्याच बैठकीच्या खोलीत. तीन जणांची समिती होती. अध्यक्ष बऱ्हाटे म्हणून निवृत्त न्यायाधीश होते. तडवी मॅडमनी आपली जबाबदारी उभं राहून मान्य केली. मी माझं निवेदन वाचून दाखवलं. कुठंही 'परंतु' लिहायचा नाही, असं ठरवून ते लिहिलं होतं, त्यामुळे ते पाऊण पानात संपलं.

मग तेजलला बोलावलं. ती काठीशिवाय चालत आली. उजवा हात डाव्या हातात धरलेला. मागून हर्षल आणि आई, आईच्या खांद्यावर बाळ. मी दोन महिने त्यांना पाहिलं नव्हतं. बाळ ओळखू येणार नाही इतकं वाढलं होतं.

"आपण लिहून दिलं तरी चालेल," बऱ्हाटे म्हणाले. "त्रास घेऊ नका."

तेजलनं मान हलवली. "बोल... ते."

तिनं फोनबद्दल सांगितलं. प्रत्येक शब्दासाठी ती थांबायची, डोळे मिटायची, चुकीचा शब्द आला तर हातानं तो पुसल्यासारखं करून पुन्हा सुरुवात करायची. 'आडवं' हा शब्द तिला चार वेळा हुकला. कुणी मदत केली नाही. समितीतल्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. चार वाक्यांना अकरा मिनिटं लागली. आजारपणानंतर ती सलग इतकं कधीच बोलली नव्हती. ती माझ्याविरुद्ध बोलत होती, आणि मी मनात तिचा एकेक शब्द ढकलत होते. पुढं जा, जमेल, पुढं जा.

"आणखी काही सांगायचंय?" बऱ्हाटेंनी विचारलं.

तेजलनं माझ्याकडे पाहिलं. त्या शनिवारनंतर पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ, नजर न काढता पाहत होती.

"ताईंनी... मला... वाचवलं," ती म्हणाली.

लिपिक लिहू लागला. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. अजून संपलं नव्हतं.

"ताईंनी... माझं... ऐकलं नाही." तिनं श्वास घेतला. "दोन्ही... लिहा."

लिपिक तरुण होता, गोंधळला. पेन कागदावर टेकवून त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, आधी कुठलं लिहू?"

तेजलनं विचार केला. खरंच विचार केला, घाई केली नाही.

"झालं... त्या... क्रमानं," ती म्हणाली.

लिपिकानं मान खाली घातली आणि आधी मी तिचं ऐकलं नाही, ते लिहिलं.